तीनच्या आतलं वारं

आमच्या गुरुजींनी झेंडा वर गेल्यावर त्याच्याकडे कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. सलामी कडक द्यायचे, राष्ट्रगीत सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे, पण दोरीला झटका बसून झेंड्यात बांधलेली फुलं सुटली की गुरुजींचे डोळे फुलांबरोबर खाली यायचे. फुलं कुणावर पडतात एवढंच त्यांना हवं असायचं. 'विश्राम' म्हणेपर्यंत ते कसाबसा दम धरायचे आणि मग सदऱ्याच्या खिशातून वही काढून लिहायचे, 'वारा पूर्वेचा. जोर १. फुले मुख्याध्यापकांच्या टोपीवर.' ही सव्वीस जानेवारीची नोंद. पंधरा ऑगस्टची वेगळी असायची. 'वारा पश्चिमेचा. जोर ४. फुले आठवी ब वर.' मी आठवी ब मध्ये होते. बाकीच्या वर्गांना वाटायचं, आम्ही वशिला लावून तिथं उभे राहतो.

गुरुजी आमच्या ईट गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. गावात सगळे वारेगुरुजी म्हणायचे. गावाजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याच्या कितीतरी आधीपासून ते रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला वारा लिहीत होते. पवनचक्क्या आल्यावर लोक म्हणाले, 'गुरुजी, आता तुमचं काम मशीन करायलंय.' गुरुजी म्हणाले, 'मशीन वारं खातंय. लिहितंय कुठं?'

सरकारी पुस्तकातली मोजमापं त्यांना परकी वाटायची, म्हणून त्यांनी स्वतःची शून्य ते बारा अशी पट्टी केली होती. उदबत्तीचा धूर कलला की एक. खव्याच्या भट्टीचा धूर आडवा झाला की दोन. पिंपळाची पानं वाजायला लागली की तीन. वाळत घातलेला टॉवेल दोरी सोडून गेला की पाच. टोपी उडाली की सहा, मात्र टोपी स्वतःची असेल तर साडेसहा. आठला पत्रा. दहासमोर नुसतं 'आम्ही घरात' असं लिहिलेलं होतं आणि अकरा-बारासमोर काहीच नव्हतं. मी एकदा विचारलं, "गुरुजी, बारा म्हणजे किती?"

"अजून आलं न्हाय," ते म्हणाले. "आलं की लिहीन."

आणि वहीत खाडाखोड अजिबात चालायची नाही. उदबत्ती धरून खिडकीत उभं राहायची शिक्षा मला वारंवार मिळायची, त्यामुळे वही मी जवळून पाहिलेली आहे. एकदा माझ्या हातून त्या वहीला उदबत्ती लागली आणि एका पानाला भोक पडलं. गुरुजी रागावले नाहीत. भोकाशेजारी त्यांनी लिहिलं, 'येथे विद्यार्थिनी.' पण त्याच आठवड्यात एका मुलानं दिशा चुकीची सांगितली आणि ती खोडून नीट लिहू का म्हणाला, तर त्याच्यावर मात्र उखडले. "एकदा लिहिलं ते वाऱ्यानं सांगितलेलं. आपण कोण खोडणारे? खालच्या ओळीत नवं लिही!"

कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर द्यायच्या आधी गुरुजींचं बोट तोंडात जाऊन ओलं व्हायचं आणि वर व्हायचं. 'गुरुजी, जेवलात का?' बोट वर. 'उत्तरेचं हाय. जेवलो.' लोक हसायचे, पण लग्नकार्यात त्यांचं न ऐकणं महागात पडायचं. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात गुरुजींनी मुलीच्या बापाला आदल्या दिवशी बजावलं होतं, आचाऱ्याची चूल मंडपाच्या मावळतीला लावू नका. बाप म्हणाला, "गुरुजी, तिथं नळ हाय." दुसऱ्या दिवशी नळ होता, पाणीही होतं, आणि चुलीचा सगळा धूर पंगतीत होता. नवरीची पाठवणी व्हायची होती, त्याच्या दोन तास आधीच अख्खी पंगत रडत जेवली. नवरदेवाच्या आजीला वाटलं, किती माया आहे या लोकांत.

घरात मात्र त्यांचं काही चालायचं नाही. पापड कुठल्या बाजूला वाळत घालायचे हे गुरुजी सांगत आणि काकू नेमक्या उलट्या बाजूला घालत. पापड वाळायचेच. "ऊन कशाला हाय मग?" काकू म्हणायच्या. गुरुजी ओल्या बोटाकडे बघत राहायचे.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी एक दिवस पोत्यात भरून सगळ्या वह्या माझ्या दुकानात आणल्या. तोवर मी चौकात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज, पीकविमा, सगळं करायचे. गुरुजींनी पोतं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, तीस वर्षांचं वारं हाय. ह्याला उंदीर लागायच्या आत आत घाल."

मग रोज दुपारी ते शेजारी बसायचे आणि वाचून दाखवायचे, आणि मी टाइप करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दुकानातला पंखा बंद केला. बनावट वाऱ्यात खरं वारं लिहायचं नाही, असं म्हणणं होतं. मी घामानं निथळत असायचे, मागे पीकविम्याची रांग उभी असायची, आणि गुरुजी रमून गेलेले असायचे. "पश्चिम, जोर सहा. त्या दिवशी तलाठ्याची टोपी गेली. लई पळाला, पर टोपी ओढ्यापातूर गेली." रांगेतला एखादा वैतागून म्हणायचा, "गुरुजी, आमचा विमा भरू द्या, मग तुमचं वारं घ्या." गुरुजी त्याच्या जन्मवर्षातली नोंद काढून त्याला वाचून दाखवायचे. तो माणूस कुठल्या वाऱ्यात जन्मला हे कळल्यावर खूश व्हायचा आणि शेजारच्याचं वर्ष विचारायचा. रांग दुप्पट व्हायची.

शेवटची वही संपली तेव्हा मी एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर त्या सगळ्याचा गोल आलेख काढला. वर उत्तर, उजवीकडे पूर्व, खाली दक्षिण, डावीकडे पश्चिम. एकेका नोंदीचा एकेक ठिपका. वारा ज्या दिशेकडून आला त्या दिशेला ठिपका पडायचा, आणि जितका जोर जास्त तितका तो मध्यापासून लांब. कडेचं वर्तुळ दहाचं ठेवलं, कारण त्यापुढे कधी वारा गेलाच नव्हता. डावीकडे पावसाळ्याचे दणकट ठिपके लांबवर पसरले आणि उजवीकडे मध्याला चिकटून हिवाळ्याच्या सकाळचे बारके ठिपके गोळा झाले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "तीस वर्षं एका ताटात वाढलीस गं." त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं माझा पंखा लावला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

झालं असं, की माझी आई गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. गटानं कोंबड्यांची मोठी शेड बांधायचं ठरवलं आणि जागा मागितली. एक जागा गावाच्या उगवतीला, शाळेच्या पलीकडच्या गायरानात. रस्त्याला लागून, बोअर जवळ. दुसरी दक्षिणेला, ओढ्याच्या पलीकडे. आईला अर्थातच पहिली हवी होती. कोंबड्यांचा वास गावात येईल का, हा एकच प्रश्न होता, आणि तो सोडवायला सरपंचांना गुरुजींच्या आलेखाची आठवण झाली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो फ्लेक्सवर छापून लावायचा, असं त्यांनी ठरवलं. दुकानात येऊन त्यांनी आलेख पाहिला आणि मध्यावर बोट ठेवलं.

"ताई, मधी ह्या काय माशा बसल्यात? जरा साफ करा की. फ्लेक्सवर बरं दिसत न्हाय."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. प्रोग्रॅममध्ये मध्यबिंदू कुठल्या आकड्यापासून धरायचा ते बदलता येतं. मी शून्याच्या जागी तीन टाकला. मध्यावरची गर्दी एकदम विरळ झाली, आलेख कसा सुटसुटीत दिसायला लागला. मला वाटलं, तीनच्या आतले बारके ठिपके गेले. सरपंच म्हणाले, "आता कसं!" आलेख छापायला गेला. गुरुजींना मी विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं, असं वाटलं.

सव्वीस जानेवारीला पंचायतीसमोर झेंडावंदन झालं. फुलं सुटली, हळूच तिरकी झाली, आणि खांबाच्या मावळतीला उभ्या असलेल्या सरपंचांच्या कडक इस्त्रीवर सगळी सांडली. गुरुजींनी वही काढून नोंद केली. मग सतरंज्या टाकल्या, सभा बसली आणि फ्लेक्स उलगडला. मधे गुरुजींचा आलेख, भोवती अकरा जणांचे हात जोडलेले फोटो. गुरुजींचा फोटो त्यात नव्हता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. ते आलेखाकडे टक लावून बघत होते.

सरपंच माइकवर म्हणाले, "मंडळी, हे शास्त्र हाय. तीस वर्षांचं वारं. बघा, सगळं मावळतीकडनं. उगवतीला चार-दोन ठिपके सोडले तर काय न्हाय! म्हणजे शेड उगवतीला बांधली तर वास गावात यायचं कारणच न्हाय. मंजूर का?"

बायकांच्या बाजूनं जोरात 'मंजूर' आलं. त्यात आईचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

"थांबा," गुरुजी उठले. "हे माझं वारं न्हाय. थंडीत सकाळचं वारं उगवतीकडनंच येतंय. म्या रोज लिहिलंय. शाळा भरायच्या टायमाला वास सरळ शाळेत शिरंल. शेड ओढ्यापलीकडं बांधा. दक्षिणेचं वारं आपल्याकडं वर्षातनं चार-दोनदा."

"गुरुजी, तुमच्याच वहीवरनं काढलंय की."

"सरपंच, आत्ता फुलं कुणाच्या अंगावर पडली?"

सरपंचांच्या कॉलरमध्ये अजून झेंडूची एक पाकळी होती. सभा हसली. सरपंचांनी पाकळी काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "एका दिवसाच्या फुलावर ठराव करायचा व्हय? कॉम्प्युटर खोटं बोलतंय का?"

"मग माझी वही खोटी बोलती का?"

तेवढ्यात मागून कुणीतरी, वाईट हेतूनं नसेल, पण म्हणालं, "बसा गुरुजी. वय झालं आता."

गुरुजी बसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. बोट तोंडाकडे गेलं आणि अर्ध्यातच परत मांडीवर आलं. या माणसानं आयुष्यात ना घर बांधलं मोठं, ना पुढारपण केलं. त्याच्याकडे त्या वह्याच होत्या आणि त्या माझ्या आलेखानं भर सभेत खोट्या ठरवल्या होत्या.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा गुरुजीच चुकले असं वाटत होतं. लॅपटॉप जवळ होता. म्हटलं, त्यांना शांतपणे एकेक ठिपका दाखवावा. डावीकडचा, मध्याजवळचा एक ठिपका दाबला. प्रोग्रॅम शेजारी छोट्या चौकटीत त्या ठिपक्याची मूळ नोंद दाखवतो. चौकट उघडली. 'दिशा: पूर्व. जोर: १.'

ठिपका पश्चिमेला होता. दुसरा दाबला. पूर्व, जोर दोन. तोही पश्चिमेला. तिसरा, चौथा, तेच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मध्यबिंदू मी तीनवर धरला होता. एक जोराच्या ठिपक्यानं बसायचं कुठं? शहाणा प्रोग्रॅम म्हणाला असता, जागा नाही, बाहेर थांबा. या प्रोग्रॅमनं हिशेब केला, एक वजा तीन, उणे दोन. उणे दोन म्हणजे उलट्या दिशेनं दोन पावलं. पूर्वेचा ठिपका मध्यातून घसरून थेट पश्चिमेला जाऊन बसला. हिवाळ्याचं सगळंच वारं उदबत्तीपुरतं, नाहीतर भट्टीपुरतं. ते झाडून सगळं पलीकडे गेलं होतं. माशा उडाल्या नव्हत्या, दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या.

स्क्रीन फक्त मला दिसत होता. समोर सरपंच ठरावाचं रजिस्टर उघडत होते. पहिल्या ओळीत आई बसली होती आणि उगवतीची जागा मिळाली म्हणून शेजारणीच्या हातावर टाळी देत होती. गावात कॉम्प्युटरचं दुकान माझं एकटीचं. लोक माझ्यावर विश्वास ठेवून अंगठे देतात. मी लॅपटॉप मिटला असता तर कुणालाही कळलं नसतं. मी मिटणारही होते. पण गुरुजी वही खिशात ठेवायचा प्रयत्न करत होते आणि ती त्यांना खिशात जाईना.

मी उठले. माइक हातात घेतला तर तो किंचाळला, त्यामुळे अख्खी सभा माझ्याकडे वळली.

"आलेख चुकलाय," मी म्हणाले. "गुरुजींची वही बरोबर हाय."

"मशीन चुकलं का तू?" सरपंचांनी विचारलं. ताई एकदम तूवर आली होती.

"मशीन चुकलं. पर तीन म्या टाकला. गुरुजींना न इचारता."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की अजून जेवायला बसल्यावर मला ती नजर आठवते. पण मी लॅपटॉप टेबलावर फिरवला आणि सगळ्यांसमोर तीनच्या जागी शून्य टाकला. सगळे बारके ठिपके मधून उडी मारून उगवतीला गेले. सभेत 'ओऽऽ' झालं. कुणीतरी म्हणालं, "परत करा की." मी तीन टाकला. ठिपके मावळतीला. शून्य टाकला. उगवतीला. मग लोक सतरंज्या सोडून टेबलाभोवती आले. ग्रामसभेचा पाऊण तास ठिपके इकडून तिकडे उडवण्यात गेला. शेवटी सरपंच म्हणाले, "द्या ताई, एकदा म्या दाबतो," आणि त्यांनी चार वेळा दाबलं.

गुरुजी गर्दीतून वाट काढत आले. जिंकल्याचं काहीही तोंडावर नव्हतं. ठिपक्यांकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "हळू वारं हाय म्हणून त्याला पार पलीकडं ढकललं व्हय गं?"

"व्हय, गुरुजी."

"असंच करतेत," ते म्हणाले. मग बॉलपेन काढून ते फ्लेक्सकडे गेले आणि अकरा फोटोंच्या मधे उभे राहून एकेक ठिपका खोडायला लागले. फ्लेक्स वही नव्हती, तिथं खाडाखोड चालत होती.

शेड ओढ्यापलीकडे झाली. आई आजही पाणी-दाणा घेऊन ओढा ओलांडताना मला मोठ्यानं ऐकवते, "आमच्या पायांचं बी काय लिहिलंय का त्या वहीत?" तो फ्लेक्स शेडच्या उगवतीच्या जाळीला बांधलाय. थंडीत कोंबड्यांना सकाळचं वारं लागू नये म्हणून. अकरा पुढारी हात जोडून कोंबड्यांकडे बघत असतात.

मी प्रोग्रॅम करणाऱ्यांना ही चूक कळवली. त्यांनी आभार मानले आणि नव्या आवृत्तीत ती सुधारली. आता तीनच्या आतले ठिपके उलटे जात नाहीत, दिसेनासेच होतात. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आधी उलटं सांगत होतं, आता गप बसतंय. सुधारणा हाय."

मागच्या वर्षी मुलानं गुरुजींना आणि काकूंना पुण्याला नेलं. नवव्या मजल्यावर. फोनवर म्हणाले, "हितं वारं बिल्डिंगांच्या मधनं पत्ता इचारत येतंय. दिशा काय लिहावी?" जाताना शेवटच्या दोन वह्या माझ्या दुकानात ठेवून गेले. त्या परवा टाइप करायला घेतल्या. शेजारी आता गुरुजी नसतात, म्हणून पंखा मी आपणहून बंद करते.

त्या सव्वीस जानेवारीची नोंद आली. 'वारा पूर्वेचा. जोर १. फुले सरपंचांवर.' आणि त्यातला जोराचा १ गुरुजींनी खोडला होता. तीस वर्षांतली पहिली खाडाखोड. वर बारा लिहिले होते. शेऱ्यात तीन शब्द, 'पोरगी उभी राहिली.'

मी लगेच फोन लावला. "गुरुजी, त्या दिवशी तर उदबत्तीपुरतंच वारं होतं. हे बारा कसे?"

"काय?" पलीकडून आवाज आला. "ऐकू येईना पोरी. हितं वारं लई हाय." आणि फोन ठेवला. मागे टीव्ही चालू होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

नोंद आकड्यांत भरली, पण ठिपका आलेखात दिसेना. कडेचं वर्तुळ दहाचंच होतं. त्या एका ठिपक्यासाठी मी ते बारापर्यंत वाढवलं. बाकीचे सगळे ठिपके थोडे आत सरकले आणि उगवतीला अगदी कडेला तो एकटा उभा राहिला. आता मधे शून्य आणि कडेला बारा, असा तो आलेख दुकानाच्या भिंतीवर आहे. रांगेतले लोक बोट ठेवून विचारतात, त्या सव्वीस जानेवारीला वादळ आलं होतं का.

मी व्हय म्हणते.